माझ्या नावाचे डाव

माझं चष्म्याचं दुकान आहे, कराडला. डोळ्यांत थेंब टाकून नंबर घालवायची सोय निघाली तेव्हा जो तो मला सल्ला द्यायला लागला, की गिरीश, आता गुंडाळ दुकान. पण थेंब महाग पडतात, आणि जन्मभर चष्मा लावलेल्या माणसाला त्याच्याशिवाय आरशात बघवत नाही. त्यामुळे सल्ला देणारेच पुढे काड्या बदलून घ्यायला माझ्याकडे येत राहिले.

काडीचा स्क्रू तिळापेक्षा लहान असतो. तो चिमट्यात धरून जागेवर ठेवायचा आणि बारीक स्क्रू ड्रायव्हरनं फिरवायचा. हे काम मी झोपेतही केलं असतं. गेल्या वर्षी एका दुपारी तो स्क्रू माझ्या हातून पडला. उचलला, परत पडला. समोर एक बाई ताटकळत बसल्या होत्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "राहू द्या ओ शेटे, उद्या नेते." त्या गेल्यावर मी हाताकडे बघत बसलो. हात थरथरत नव्हता, नुसता आळसावल्यासारखा झाला होता.

माझ्या वडिलांचं, अप्पांचं, असंच सुरू झालं होतं. आधी पूजेला बसले की बोटांतून बेल निसटायचा. मग चहा बशीत कमी आणि धोतरावर जास्त. कंपवात. शेवटची वर्षं ते अंथरुणाला खिळले आणि त्यांचं सगळं माझ्या बायकोनं, उज्ज्वलानं केलं. भरवणं, पुसणं, कूस बदलणं. सख्ख्या लेकीनं केलं नसतं एवढं. अप्पा गेले त्या दिवशी तिनं मला एवढंच विचारलं होतं, "हे घराण्यात येतं का ओ?"

तरी स्क्रू पडला म्हणून मी घाबरलो नाही. मला कंपवात नाही अशी माझी पक्की खात्री होती, आणि ती खात्री मला एक व्हिडिओ गेम दर महिन्याला देत होता.

गेमचं नाव गारपीट. काळा पडदा, तळाशी ठोकळ्याठोकळ्यांचं एक चिमुकलं विमान, आणि वरून पडदा भरून कोसळणाऱ्या रंगीत गोळ्या. आपलं विमान आपोआप गोळीबार करत राहतं. आपण फक्त बोट सरकवत त्याला गोळ्यांमधल्या फटीतून न्यायचं. एक गोळी लागली की खलास, पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक वेळी आकाश नवं, गोळ्यांची नक्षी नवी. मागच्या जन्मातली एखादी कमाई तेवढी सोबत येते, एखादं कवच किंवा जास्तीची तोफ. शेवटपर्यंत तगलात तर काळा पडदा हळूहळू केशरी होतो आणि पहाट उजाडते. माझ्या पिढीला हे चित्र ओळखीचं. लहानपणी टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटमध्ये फुंकर मारून आम्ही अशीच विमानं उडवली आणि त्यापायी मारही खाल्ला. म्हातारपणी तोच गेम सरकारनं हातात आणून दिला आणि रोज खेळा म्हणून सांगितलं, याची मला गंमत वाटली होती.

सरकारला हा उद्योग सुचण्याचं कारण होतं. मेंदूच्या तळाशी काही पेशी असतात. त्या डोपामिन नावाचं रसायन बनवतात आणि त्याच्यामुळे आपल्या हालचाली सुरळीत होतात. कंपवातात या पेशी मरत जातात. दुर्दैव असं, की हात थरथरायला लागेपर्यंत त्यातल्या बऱ्याचशा गेलेल्या असतात. नवं औषध आलं ते हे मरण थांबवणारं. गेलेल्या पेशी मात्र ते परत आणत नाही, आणि फार थोड्या उरल्या असल्या तर त्याचा जोरही चालत नाही. म्हणजे आजार आधी कळायला हवा, माणसाला स्वतःला कळण्याच्याही आधी.

तिथं गारपीट कामाला आली. शेकडो गोळ्या एकदम अंगावर येतात तेव्हा डोळा एकेक गोळी बघत बसत नाही. मेंदू फट हेरतो आणि बोट निघतं, आपण ठरवण्याच्या किंचित आधी. निघाल्यावर ते वाटेत बारीक दुरुस्त्या करत जातं आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. पेशी मरायला लागल्या की सगळ्यात आधी या दुरुस्त्या बिघडतात. आकाश दरवेळी नवं, त्यामुळे पाठांतर चालत नाही आणि जुन्या सवयीआड आजार लपत नाही. रोजचे डाव जिल्ह्याच्या तपासणी केंद्रातल्या यंत्राकडे जातात. यंत्र त्यातून त्या माणसाच्या हाताचं वळण शिकतं, आपण ओळखीच्याचं अक्षर ओळखतो तसं. वळण बदलायला लागलं की डॉक्टरांना खबर. ज्यांच्या घराण्यात आजार आहे त्यांनाच खातं मिळायचं. मला मिळालं. उज्ज्वलाला मिळायचं कारण नव्हतं.

केंद्रानं खेळायला टॅबसारखी एक पाटी दिली होती. दुपारी जेवून, थोडा पडून, चहा घेऊन मी एक डाव टाकायचो, पाटी टेबलावर ठेवायचो आणि दुकानात जायचो. सुरुवातीला खुमखुमी होती. पुढे पुढे कंटाळा यायला लागला, विमान लवकर पडायला लागलं. वय झालं, दुसरं काय. केंद्राकडून तर दर महिन्याला शाबासकी येत होती.

स्क्रू पडायला लागले तेव्हा एक दिवस सकाळीच डाव टाकून केंद्रात गेलो तो नुसती शंका फेडून घ्यायला. तिथल्या डॉक्टर बागल म्हणजे पोरसवदा मुलगी. मला काका म्हणायची. तिनं माझे आकडे उघडले आणि तिचा चेहरा खुलला.

"काका, काय हात आहे तुमचा! अख्ख्या जिल्ह्यात असं कुणी खेळत नाही."

मी जरा ताठ बसलो. कराडच्या शेट्यांचं कौतुक साताऱ्यात होत होतं म्हणजे काय.

"मग हे स्क्रू का पडतायत?"

"इथं एक डाव खेळून दाखवा बघू."

मी खेळलो. पहिल्याच सरीत विमान फुटलं. ती म्हणाली, पुन्हा. पुन्हा फुटलं. आणखी एकदा. मी म्हटलं, "प्रवासानं दमलोय." ती आपल्या पडद्याकडे बघत राहिली आणि मग पडदा माझ्याकडे वळवला.

"यंत्र म्हणतंय, हा माणूस वेगळा आहे."

"कोण, मी?"

"हो. तुमच्या नावावर रोज पहाट गाठणारा माणूस तुम्ही नाही."

मग तिनं बराच वेळ खटपट करून दोन वळणं वेगळी काढली. पहिल्या वर्षी एकच हात होता. मग मधूनच दुसरा डोकावला, आणि नंतर रोज यायला लागला, संध्याकाळचा. एका खात्यावर दोन माणसं असतील हे यंत्राला कुणी शिकवलंच नव्हतं. वाईट डाव आला की त्या दिवशी माणसाचं लक्ष नव्हतं असं धरून ते तो डाव बाजूला टाकायचं. म्हणजे माझे डाव बाजूला गेले आणि दुसऱ्याचे माझे म्हणून राहिले.

"पहिला हात कधी बिघडायला लागला?" मी विचारलं.

"दोन वर्षांपूर्वी." ती खाली बघत म्हणाली. "काका, मी खोटं बोलणार नाही. तेव्हा औषध सुरू केलं असतं तर तिथंच थांबलं असतं. तुम्ही दुकानात स्क्रू बसवत राहिला असता."

"आणि आता?"

"आता देऊच. पण फार आशा ठेवू नका."

दुसरा हात कुणाचा हे तिनं विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. आमच्या घरात आम्ही दोघंच.

परत आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दार लोटलेलं होतं. उज्ज्वला देवापुढे दिवा लावून तिथंच भिंतीला टेकून बसली होती आणि पाटी तिच्या मांडीवर होती. मी उंबऱ्याशीच थांबलो. पडद्यावर गोळ्यांचा नुसता कहर चालला होता आणि त्यातून ते विमान असं जात होतं की जणू गोळ्याच त्याला वाट देतायत. तिचं बोट जेमतेम हलत होतं. ओठ किंचित उघडे होते. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण स्वतःच्या आनंदात अशी बुडालेली मी तिला कधी पाहिली नव्हती. खरं सांगतो, मी रागानं आलो होतो आणि तिथं उभ्या उभ्या मला रडू यायला लागलं.

पडदा केशरी झाला. अक्षरं उमटली, 'गिरीश शेटे यांनी पहाट पाहिली.' तिनं पाटी बाजूला ठेवून दिव्याला हात जोडले, आणि मग मी तिला दिसलो.

"अगोबाई! कधी आलात?"

"हे रोज करतेस?"

ती लाजली. चोरी पकडल्यासारखी नाही, कुणी कौतुक केल्यासारखी.

"तुम्ही तसंच टाकून जाता की ओ. मी दिवा लावायला येते आणि समोर हे लिहिलेलं. गिरीश शेटे यांचा अंत झाला. कुणा मेल्यानं लिहिलंय कोण जाणे! घरातले तांदूळ संपले तर आपण संपले म्हणतो का? वाढले म्हणतो. आणि इथं दिवेलागणीला माझ्या नवऱ्याचं नाव घेऊन अंत म्हणे."

"मग पुढचं बटण दाबायचं, झालं."

"दाबलं की! 'पुन्हा जन्म' असं बटण आहे. दाबलं की विमान उभं राहतं. तसंच ठेवलं तर परत गोळी लागते आणि परत तुमचं नाव. मग म्हटलं, पहाटेपर्यंत नेऊनच ठेवावं. पहिल्यांदा फार जड गेलं. आता येतं." ती हसली. मग हसू मावळलं. "अलीकडे तुमचं फारच लवकर पडायला लागलं होतं. अप्पांचं सगळं…" तिनं वाक्य पुरं केलं नाही. "डॉक्टरीण काय म्हणाली?"

"काय म्हणणार? वय झालं म्हणाली."

म्हणजे ते माझ्याआधी तिला दिसलं होतं. यंत्राच्याही आधी. आणि जे दिसलं ते वाईट होतं म्हणून तिनं ते रोज संध्याकाळी पुसून टाकलं होतं, माझ्यासाठी. मी त्या रात्री ठरवून टाकलं की हे तिला कळता कामा नये. मी आजारी पडणार, ती करणार. अप्पांचं केलं तसं माझंही करणार. त्यात हे ओझं कशाला? आपल्या हातानं झालं हे कळलं तर ती मोडून जाईल.

चार दिवसांनी डॉक्टर बागलचा फोन आला. मी दुकानात होतो.

"काका, काकूंना एकदा केंद्रात आणाल का? एक डाव खेळायला."

"कशाला?"

"तुमच्या खात्यासारखी खाती सगळ्या राज्यात असणार. पण दमलेला हात कोणता आणि दुसऱ्या माणसाचा कोणता, हे यंत्राला सांगता येत नाही. एक तरी घर असं हवं, जिथले दोन्ही हात आमच्यासमोर खेळलेत. तेवढं मिळालं की ते बाकीची घरं ओळखायला शिकेल."

"मग दुसरं घर बघा."

"बघतेय की. सगळे म्हणतात, आमच्याकडे ज्याचं तोच खेळतो. त्यांच्यातल्या काहींची वेळ अजून गेलेली नाही."

"माझी गेलीय ना? मग मला कशाला छळताय!" मी फोन आपटला. शेजारचा घड्याळवाला वाकून बघायला लागला.

पुढचा आठवडा मी फार वाईट वागलो. गिऱ्हाइकांवर खेकसलो. राज्यातल्या लोकांचा मी काय मक्ता घेतलाय, असं स्वतःला बजावत राहिलो. माझी बायको मला राज्याहून जवळची आहे, यात चूक काय?

मग एका सकाळी मलकापूरचे एक मास्तर चष्मा बदलायला आले. पन्नाशीचे, गप्पिष्ट. बायको सोबत. बोलताना त्यांचा डावा हात मोकळा हलत होता आणि उजवा अंगाला चिकटल्यासारखा गप्प होता. आरशासमोर चष्मा लावतानाही त्यांनी डावाच हात वापरला. अप्पांचं बघितलेल्या माणसाला आणखी काही सांगावं लागत नाही.

"मास्तर, घरात कुणाला कंपवात होता का?"

"आईला होता. पण आपण निर्धास्त आहोत! रोज गारपीट खेळतो. रोज पहाट."

"तुम्ही स्वतः गाठता पहाट?"

"दुपारी टाकतो एक डाव. बाकी…" ते हसले. "दर महिन्याला शाबासकी येते म्हणजे मीच गाठत असणार की!"

त्यांच्या बायकोनं पदर सारखा केला आणि काउंटरच्या काचेकडे बघायला लागली. मी तिला काही विचारलं नाही. ते दोघं गेल्यावर मी शटर अर्धं खाली ओढलं आणि डॉक्टर बागलला फोन लावला.

उज्ज्वलाला मी सांगितलं की तुझीही तपासणी करून घेऊ. केंद्रात तिला खुर्चीवर बसवलं, पाटी दिली. वर नाव होतं, उज्ज्वला शेटे. ते नाव तिनं दोनदा वाचलं. मग ती खेळायला लागली. पहिली काही मिनिटं कुणाचं लक्ष नव्हतं. मग एक नर्स थांबली, मग हिशेबाचा कारकून, मग आणखी कुणी. ती पहाटेला पोचली तेव्हा त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. 'उज्ज्वला शेटे यांनी पहाट पाहिली.' तिनं माझ्याकडे बघितलं, लहान मुलीसारखं. माझी छाती अभिमानानं भरून आली आणि त्याच क्षणी मला तिथून पळून जावंसं वाटलं.

लोक पांगले. डॉक्टर बागल आपल्या पडद्याकडे बघून हळूच म्हणाली, "जुळलं."

"काय जुळलं?" उज्ज्वलानं विचारलं. ती एकदा डॉक्टरकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं पाटी खाली ठेवली. "माझे डाव यांचे म्हणून गेले?"

"काकू, तुमची काही चूक नाही. आम्हीच…"

"यांना झालंय का?"

डॉक्टरनं मान डोलावली.

"कधीपासून?"

मी मध्ये पडलो. "आत्ताच. नुकतंच." डॉक्टर बागल खोटं बोलणार नव्हती आणि माझं खोटं उघडंही पाडणार नव्हती. उज्ज्वलानं तिच्या तोंडाकडे एकदाच बघितलं आणि तिला जे कळायचं ते कळलं. परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत बसली. उंब्रजच्या पुढे एवढंच म्हणाली, "मी खेळले नसते तर कळलं असतं."

"तसं काही नाही," मी म्हटलं.

यंत्र शिकलं. महिन्याभरात राज्यातल्या कितीतरी घरी केंद्रांतून फोन गेले. पडद्यावरचं ते वाक्य बदललं, आता तिथं नाव न घेता 'विमान पडलं' एवढंच येतं. मलकापूरचे मास्तर पेढे घेऊन दुकानात आले. त्यांचं औषध वेळेत सुरू झालं होतं. मी त्यांना आमचं काही सांगितलं नाही. पेढे घरी नेले. उज्ज्वलानं डबा देवापुढे ठेवला, पण एकही खाल्ला नाही.

माझं औषधही चालू झालं, पण डॉक्टर बागल म्हणाली होती तसंच झालं. उजवा हात हळूहळू माझा राहिला नाही. दुकानात स्क्रू बसवायला आता एक कारागीर ठेवलाय, मी नुसते नंबर तपासतो.

पण त्याहून वाईट घरात झालं. उज्ज्वला माझं काहीच करेनाशी झाली. ज्या बाईनं अप्पांचं सगळं केलं, ती माझ्या ताटात भाकरी कुस्करून द्यायलाही धजेना. मी धडपडलो की दारात उभी राहून बघायची, हात पदरात गुंडाळून. आपण यांचं काही केलं तर ते वाईटच होणार, असं तिनं मनात घेतलं होतं. रडत नव्हती, चिडत नव्हती. मध्येच कधीतरी, भाजी निवडताना किंवा अंथरूण घालताना, विचारायची, "माझ्यामुळे ना?" आणि मी दरवेळी म्हणायचो, "नाही गं. ते व्हायचंच होतं. यंत्राचीच चूक." असं म्हटलं की ती मान हलवायची आणि आणखी लांब जायची. माझ्या मते मी तिला सांभाळत होतो.

काल दुकानात जायला शर्ट घातला आणि बटण लागेना. वरचं लागेना म्हणून खालून सुरुवात केली, तेही लागेना. बोटं नुसती काजाभोवती फिरत राहिली. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"उज्ज्वला, मला जमत नाही," मी म्हटलं. "ये."

ती हलली नाही. मी पुन्हा म्हटलं, "ये ना."

तेव्हा ती आली. माझ्याकडे न बघता खालच्या बटणापासून सुरुवात केली. एक लावलं, दुसरं लावलं. तिसऱ्याशी थांबली.

"माझ्यामुळे ना?"

नेहमीचं उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. पण तिचं कपाळ इतकं जवळ होतं, आणि त्यावर इतक्या महिन्यांची जागरणं दिसत होती, की मला ते बोलवेना. रोज तिला नाही म्हणून मी तिला तिच्या दुःखात एकटीला कोंडून ठेवलं होतं.

"हो," मी म्हटलं. "तुझ्यामुळे."

तिनं वर बघितलं. मग माझा अर्धवट लागलेला शर्ट दोन्ही मुठींत धरला आणि माझ्या छातीवर डोकं ठेवून ती ओक्साबोक्शी रडली. मला तिला धरायला डावा हात तेवढा वर नेता आला.